भरतीची वेळ विचारून

सकाळी साडेसहाला मी ह्यांना पहिली गोळी देते आणि चहा घेऊन शेजारी बसते. अर्धा-पाऊण तास जातो. कधी हे आपणहून कप उचलतात, सदऱ्याची बटणं लावतात आणि म्हणतात, "चल, सूरसागर तळ्यावर एक चक्कर मारून येऊ." कधी पलंगाच्या कडेला तसेच बसून राहतात, पाय फरशीला चिकटल्यासारखे. गोळी तीच, वेळ तीच, आदल्या रात्रीचं जेवणही तेच. तरी दिवस वेगळा निघतो. पार्किन्सन्स असलेल्या घरांत याला आम्ही "गोळी चढली" आणि "गोळी उतरली" म्हणतो. आमचा दिवस सकाळी सातनंतर ठरतो. त्याच्या आधी कुणी काही विचारलं तर माझ्याकडे उत्तर नसतं.

आगाऊ बुकिंग या गोष्टीशी माझं बिनसलं ते यामुळेच. तीन वर्षांपूर्वी केरळची हाऊसबोट ठरवली होती. चार महिने आधी सगळे पैसे भरले. निघायच्या सकाळी ह्यांचे पाय उठेनात. गोळी दिली, दुसरी दिली, डॉक्टरांना फोन केला. स्टेशनपर्यंत जाणंही शक्य नव्हतं. ज्यांच्याकडून बुकिंग केलं होतं त्यांनी नियमाचा कागद दाखवला. पैसे गेले, त्याचं दुःख आठवडाभर पुरलं. पण हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि "माझ्यामुळे" एवढंच म्हणत होते, ते मात्र अजून माझ्या कानांत आहे. त्या दिवशी मी ठरवलं की ह्यांच्या शरीराला आधीपासून तारीख बांधायची नाही.

लेक सिएटलला असते. गेल्या जुलैत तिनं आम्हाला बोलावलं आणि अलास्काच्या सात दिवसांच्या जहाजाची तिकिटं काढली. जहाजाला माझी हरकत नव्हती. जहाज म्हणजे चालतं घर. उठवलं नाही तर खोलीत पडून राहता येतं, खिडकीतून डोंगर दिसतात. प्रश्न आला तो जहाज जुनो बंदरात थांबणार त्या दिवसाचा. लेकीनं जानेवारीतच फोन केला.

"आई, देवमासे बघायची टूर आत्ता बुक करते. जहाजातर्फेच. जुलै म्हणजे ऐन सीझन, नंतर मिळणार नाही."

"तिथं उतरल्यावर घेऊ."

"आई, असं नसतं तिथं."

तिचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही, कारण त्यात काळजी होती आणि नियमही होता. जहाजाकडून घेतलेल्या टूरला उशीर झाला तर जहाज थांबतं. बाहेरून घेतलेल्या टूरला उशीर झाला तर जहाज निघून जातं आणि पुढचं बंदर आपलं आपण गाठायचं. जुनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरच्या जगाला जोडणारा रस्ता तिला नाही; यायचं-जायचं ते बोटीनं किंवा विमानानं. म्हणजे चुकलं तर टॅक्सी करून पुढे गाठू असंही नाही. हे सगळं तिनं मला समजावलं. मी विचारलं, रद्द कधीपर्यंत करता येतं? ती म्हणाली, दोन दिवस आधीपर्यंत. दोन दिवस आधी मला काय कळणार? मला दोन तास आधी कळतं.

शेवटी ती गप्प झाली. रुसलीच थोडी. पण बुक केलं नाही, ते माझ्यासाठी मोठं होतं.

ह्यांना देवमासा बघायचा होता, आणि ती हौस अलास्काची नव्हे, कमाटीबागेची. बडोद्यात वाढलेल्या प्रत्येक मुलाला त्या बागेतलं म्युझियम ठाऊक असतं. सयाजीराव महाराजांनी उभारलेलं, लाल-पिवळ्या दगडविटांचं, आत इजिप्तची ममी आणि निळ्या देवमाशाचा सांगाडा. हे दांडिया बाजारातल्या वाड्यात वाढले. रविवारी सासरे चारही भावंडांना चालत बागेत न्यायचे. बाकीची तिघं ममीभोवती घुटमळायची आणि रात्री घाबरायची. हे सांगाड्यापाशी जाऊन बरगड्या मोजायचे. मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला देवमासा तो, असं सासरे सांगायचे. समुद्रापासून इतक्या आत, आपल्या गावच्या बागेत एवढं मोठं जनावर येऊन थांबलंय, याचं ह्यांना फार अप्रूप होतं. लग्नानंतर पहिल्यांदा मला जिथं जिथं नेलं त्यात ते म्युझियम होतं. पुढं लेकीला नेलं, मग नातवाला. नातवानं विचारलं होतं, "आजोबा, हा श्वास कुठून घ्यायचा?" आजोबांनी स्वतःच्या टाळूवर बोट ठेवून दाखवलं होतं. साठ वर्षं हाडं पाहिलेला माणूस. त्याला ते जनावर एकदा श्वास घेताना बघायचं होतं, एवढंच.

जुनोच्या सकाळी जहाजाच्या खोलीत मी नेहमीपेक्षा लवकर उठले. सिएटलच्या मानानं अलास्काचं घड्याळ एक तास मागं. गोळीची वेळ कोणत्या घड्याळानं धरायची हा घोळ पहिल्या दिवशीच झाला होता. मग मी एक जुनं मनगटी घड्याळ फक्त गोळ्यांसाठी सिएटलच्या वेळेवर ठेवलं. ते बघून गोळी दिली. बाहेर पाऊस होता, बारीक, आपल्याकडच्या श्रावणासारखा, आणि ढग डोंगरांच्या कमरेपर्यंत उतरलेले. लेक बाल्कनीत उभी राहून आभाळाकडे बघत होती, मी ह्यांच्या पायांकडे. पाऊण तासानं हे उठून उभे राहिले, भिंतीला हात न लावता. मी लेकीला म्हटलं, "चल."

जहाज अकराच्या सुमारास धक्क्याला लागलं. आमच्यासह तीन मोठी जहाजं एका ओळीत उभी होती. सगळं गाव तीस-बत्तीस हजारांचं, आणि एकेका जहाजातून दोन-दोन, तीन-तीन हजार माणसं उतरतात. आता तिथं दिवसाला पाचच मोठी जहाजं येऊ देतात, २०२४ पासून. धक्क्यावरून बाहेर पडलं की डोंगरावर जाणाऱ्या रोपवेचं स्टेशन, आणि त्याच्या आसपास लाकडी टपऱ्यांची रांग. देवमासे, हिमनदी, सोनं गाळणं, हेलिकॉप्टर. प्रत्येक टपरीवर पाट्या आणि त्यावर खडूनं लिहिलेल्या वेळा. बडोद्याच्या खंडेराव मार्केटात, भाजीबाजारात शिरल्यासारखं वाटलं मला. लेकीला वाटत होतं सगळं विकलं गेलं असेल. तसं काही नव्हतं. देवमाशांच्या बोटी तिथं पुष्कळ आहेत, दिवसभर सुटतात, आणि कुठल्या ना कुठल्या बोटीत दोन-चार जागा उरतातच. हेलिकॉप्टरचं तसं नसावं. त्या पाटीवर दुपारीच "भरलं" असं लिहिलेलं होतं. म्हणजे सरसकट सल्ला देण्यात अर्थ नाही. जिथं जागा मोजक्या तिथं आधीच घ्यावं. बोटींसाठी थांबता येतं.

पहिल्या टपरीवरच्या मुलानं भाव सांगितला आणि म्हणाला, पंचवीस मिनिटांत बस आहे, लगेच घ्या. मी विचारलं, बोटीत चढायला पायऱ्या किती? त्याला माहीत नव्हतं. मी पुढं गेले. दुसऱ्या टपरीवर सहा माणसांची छोटी बोट होती. जनावराच्या जवळून दर्शन, पण लाटांवर उडणार आणि आत संडास नाही. गोळ्यांवर असलेल्या माणसाला संडासाशिवाय तीन तास नेणं म्हणजे छळ. तिथूनही पुढं गेले. लेक मागून म्हणत होती, "आई, सगळीकडे तेच असतं." सगळीकडे तेच नसतं. भाजी हातात घेऊन बघितल्याशिवाय कळत नाही.

तिसऱ्या टपरीवर पन्नाशीची एक बाई होती. पिवळा रेनकोट, हातात थर्मासचं झाकण, त्यात कॉफी. मी माझे प्रश्न सुरू केले. तिनं ऐकून घेतले आणि मग माझ्याकडून नजर काढून ह्यांच्याकडे वळवली.

"तुम्हाला उतार जमतो का?" असं तिनं ह्यांना विचारलं. इंग्रजीत, सावकाश.

हे लिहिताना थांबले मी. गेल्या सहा वर्षांत दवाखान्यात, बँकेत, लग्नात, रेल्वेत, सगळीकडे लोक ह्यांच्याबद्दल मला विचारतात. "काका जेवतील ना?" "ह्यांना खुर्ची देऊ का?" समोर माणूस उभा असतो, आणि उत्तर माझ्याकडून हवं असतं. ह्यांचा आवाज आता खोल गेलाय, शब्द यायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ कुणाकडे नसतो. त्या बाईकडे होता. मागं रांग होती तरी ती थांबली. हे म्हणाले, "चढ जमतो. उतारावर पाय पळतात." आजाराचं हे लक्षण डॉक्टरांनाही मीच सांगत आले होते. ते त्यांनी स्वतःच्या तोंडून सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

बाईनं पाटीमागून एक छापील कागद काढला. भरती-ओहोटीचं कोष्टक. आणि जे सांगितलं ते जानेवारीत सिएटलला बसून कळणं शक्य नव्हतं.

देवमाशांच्या बहुतेक बोटी जुनो गावातून सुटत नाहीत. वीसेक किलोमीटरवर ऑक बे म्हणून खाडी आहे, बसनं अर्धा तास. तिथल्या बंदरातून सुटतात. तिथला धक्का तरंगता. पाण्याबरोबर तो वर येतो, खाली जातो. किनाऱ्यापासून त्या तरंगत्या धक्क्यापर्यंत एक लांब लोखंडी रॅम्प टाकलेला. त्या भागात एका दिवसात समुद्र चार-पाच मीटर वरखाली होतो, त्यामुळे भरतीला रॅम्प जवळजवळ सपाट आणि ओहोटीला जिन्यासारखा उभा. "आत्ता ओहोटी संपतेय," ती म्हणाली, "बाराच्या बोटीला गेलात तर रॅम्प फार उतरता असेल. दोनच्या बोटीनं जा. तोवर पाणी चढेल. परत याल तेव्हा अजून चढलेलं असेल."

हे माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "कावी-कंबोई."

माझ्या एकदम लक्षात आलं. बडोद्याहून कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाला जायचं तर पहिला प्रश्न भरतीचा. खंभातच्या आखातात पाणी दहा मीटरपर्यंत चढतं. भरतीला देऊळ पाण्यात जातं, पिंड दिसेनाशी होते, ओहोटी लागली की पुन्हा उघडी पडते. आमच्या लहानपणापासून हे असं चाललंय: जो जाणार असेल तो तिथल्या कुणाला तरी विचारतो, आज पाणी कधी उतरतंय? मग त्या हिशेबानं घरून निघतो. देवाच्या दर्शनाला समुद्राची वेळ विचारून जायची सवय असलेली माणसं आम्ही. अलास्कातली बाई आम्हाला तेच सांगत होती.

दोनची बोट घेतली. मोठी, आत गरम खोली, संडास, तीन पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा. माणशी दीडशे डॉलरच्या आसपास. आमचं जहाज रात्री नऊला सुटणार होतं, साडेआठपर्यंत चढायचं. टूर साडेपाचच्या आत गावात परत. लेकीनं हिशेब केला, मध्ये तीन तास मोकळे. तिचा चेहरा तेव्हा सैल झाला. मी तिला हेही सांगितलं की जहाज पाचला सुटणार असतं तर मी ही बोट घेतली नसती. ह्यांच्या पायांबरोबर घड्याळाची शर्यत लावायची नाही, हाही त्या केरळच्या दिवसाचाच धडा.

मग सही. प्रत्येकानं जबाबदारीच्या कागदावर सही करायची होती. या आजारात अक्षर बारीक होत जातं. सुरुवातीचं अक्षर बरं येतं आणि पुढची मुंगीएवढी होत जातात. बडोद्यात एका बँकेनं ह्यांचा फॉर्म तीनदा परत केला होता, सही जुळत नाही म्हणून. ज्या माणसानं आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिल्या त्याची सही. तेव्हापासून हे चारचौघांत पेन हातात घेत नाहीत, मी पुढं होते. त्या टपरीच्या फळीवर त्यांनी पेन घेतलं आणि सही केली. बारीक, वाकडी, शेवटचं अक्षर रेघेखाली घसरलेलं. बाईनं कागद घेतला, स्टेपल मारला आणि पावतीच्या मागं पेन्सिलीनं बसची वेळ लिहून पावती ह्यांच्या हातात दिली.

मधल्या वेळात बाकावर बसून बरोबर आणलेला बडोद्याचा लीलो चिवडो खाल्ला. दीडच्या बसमध्ये बसायच्या आधी दुपारची गोळी दिली, रिकाम्या पोटी म्हणता येईल अशा बेतानं, कारण दूध-डाळ-पनीर पोटात असलं की ही गोळी नीट चढत नाही. बस गावाबाहेर पडताना पुलाजवळ पाण्याच्या कडेला उसळी मारलेला देवमासा दिसला, काशाचा, खऱ्याच्या आकाराचा. हे काचेला नाक लावून बघत राहिले. हाडं पाहून झाली होती, आता धातू.

रॅम्प होता तसाच, बाई म्हणाली तसा. थोडा उतार. मी पुढं उलटी चालले, ह्यांचे दोन्ही हात धरून, लेक मागं. बोटीवरच्या मुलानं घाई केली नाही.

पाऊण तास काहीच दिसलं नाही. सील दिसले, गरुड दिसले. बोटीवर माहिती सांगणारी मुलगी होती, ती बोलत होती. हे हंपबॅक जातीचे देवमासे हिवाळ्यात हवाईच्या ऊबदार पाण्यात जातात, तिथं पिल्लं घालतात, पण तिथं त्यांना खायला जवळजवळ काही मिळत नाही. उन्हाळ्यात ते हजारो किलोमीटर पोहून इकडं येतात आणि सहा महिने खातात. मी ह्यांना ते मराठीत सांगत होते. सांगता सांगता आपल्याकडची गोष्ट आठवली. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क येतो, तो खरं तर मासाच, पण गाभण माद्या आपल्याकडे येतात म्हणून कथाकार मोरारीबापूंनी तिला बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली होती. मच्छीमार तिला "वहाली", म्हणजे लाडकी, म्हणू लागले आणि जाळ्यात अडकली तर स्वतःचं जाळं कापून सोडू लागले. हे म्हणाले, "म्हणजे ह्यांचं माहेर हवाई."

"आणि हे?" लेकीनं विचारलं.

"हे खानावळ."

बोटीचं इंजिन चालू असताना सगळं थरथरत होतं. कठडा, बाकं, खिडकीची काच, माझ्या हातातला थर्मास. ह्यांचा उजवा हात कठड्यावर होता. तो थरथरत होता की नाही ते मला सांगता येत नव्हतं, कारण त्याच्या शेजारचे सगळेच हात थरथरत होते.

मग कप्तानानं इंजिन बंद केलं. देवमाशाच्या शंभर यार्डांच्या आत बोट न्यायची नाही असा तिथं कायदा आहे, त्यामुळे लांबूनच थांबायचं. इतकी शांतता झाली की पावसाचे थेंब पाण्यावर पडताना ऐकू येत होते. आणि डावीकडून श्वास ऐकू आला. आधी ऐकू आला, मग दिसला. प्रेशर कुकरची शिटी काढून घेतल्यावर वाफ सुटते तसा, पण खोल, छातीतून आलेला. पाण्यावर दोन पुरुष उंचीचं धुकं उभं राहिलं आणि विरलं. काळी पाठ वर आली, त्यावर छोटा उंचवटा, आणि गेली. पुन्हा श्वास. पुन्हा पाठ. हे मोजत होते, बोटं कठड्यावर दाबून. चौथ्या की पाचव्या श्वासानंतर पाठ जास्त वाकली आणि शेपूट पाण्याबाहेर आलं, सगळं, रुंद, खालची बाजू पांढरी-काळी, कडा कुरतडलेल्या. त्यावरून पाणी पडत होतं. प्रत्येक देवमाशाच्या शेपटीची नक्षी वेगळी असते, आपल्या अंगठ्यासारखी. त्यावरूनच तिथली माणसं त्यांना ओळखतात. शेपूट सरळ उभं राहिलं आणि आवाज न करता आत गेलं.

सगळे कॅमेरे लावून बसले होते. ह्यांनी काढला नव्हता. ते स्वतःच्या टाळूवर बोट ठेवून उभे होते, नातवाला दाखवलं होतं तसं, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी काही बोलले नाही. लेक पलीकडे तोंड करून उभी राहिली.

त्यानंतर दोन देवमासे अजून दिसले, एक आई आणि पिल्लू असावं, लांब. खरं तर मला ते फारसे आठवत नाहीत.

परत धक्क्याला लागलो तेव्हा साडेचार होऊन गेले होते. सिएटलच्या घड्याळात पुढच्या गोळीची वेळ होत आली होती, म्हणजे आधीची उतरायला लागली होती. पावलं आखूड पडायला लागली की मला कळतं. मी नेहमीसारखी पुढं झाले, हात पुढं केले. ह्यांनी रॅम्पकडे बघितलं. पाणी चढलं होतं. सकाळी जिन्यासारखा असेल तो रॅम्प आता अंगणासारखा पडला होता, जेमतेम चढ.

"तू चल पुढं," हे म्हणाले. "मी येतो."

मी पुढं गेले. मागं वळून बघायचं नाही असं ठरवून गेले आणि वर पोचेपर्यंत तीनदा वळून बघितलं. लोखंडी जाळीवर त्यांची पावलं ऐकू येत होती, आखूड, घासत, पण न थांबता. वर आल्यावर त्यांनी खिशातून पावती काढली, मागची पेन्सिलीची वेळ वाचली आणि विचारलं, "बस किती वाजता म्हणाली होती ती बाई?"